नावाडी सेवेरोची शहात्तर सालची वही

१

मंगळवारी सकाळी मिर्ता ओलासोबाईंनी संग्रहालयाचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि काचेच्या कपाटासमोर येऊन थबकल्या. कपाटात बारा वह्या असायच्या. त्यांनी बोटाने मोजल्या. अकराच होत्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा अकराच. मग कोट न काढताच त्या पोलीस ठाण्याकडे निघाल्या.

ठाण्यात उपनिरीक्षक एउलालिओ फारियास एकटाच शेगडीपाशी नळीने कडू माते, तिथला पाल्याचा चहा, ओढत बसला होता. पासो सेइबो गावात जुलैच्या कडाक्याच्या हिवाळ्यात गुन्हेसुद्धा गारठतात, असं तो म्हणायचा. निवृत्तीला पाच महिने उरले होते. पुलावरून चोरून येणारे गॅसचे सिलिंडर आणि शेजाऱ्यांची भांडणं यापलीकडे त्याच्या टेबलावर वर्षभरात काही आलं नव्हतं. मिर्ताबाईंनी त्याला शाळेत शिकवलं नव्हतं, पण गावातल्या सगळ्यांशी त्या बोलायच्या शिकवल्यासारख्याच.

"एउलालिओ, ऊठ. सेवेरोची वही चोरीला गेली. शहात्तरची."

फारियासने भांडं खाली ठेवलं.

गावात रेल्वे यायची बंद झाल्याला नऊ वर्षं झाली होती. रिकाम्या स्टेशनात मिर्ताबाईंनी हट्टाने संग्रहालय थाटलं होतं. स्टेशनमास्तरची शिट्टी, पुलाचं काम चालू असतानाचे फोटो, जकातवाल्यांनी कधीकाळी जप्त केलेलं एक ब्राझिली शिलाई मशीन. त्याची मालकीण अजून दर महिन्याला येऊन ते पुसून जायची. पण लोक यायचे ते नावाडी सेवेरो कामार्गोच्या वह्या बघायला. पूल होण्याआधी नदीच्या अलीकडून पलीकडे, उरुग्वेतून ब्राझीलमध्ये, माणसं नेणारी नाव एकच होती आणि ती सेवेरोची होती. सेवेरोला अक्षर येत नव्हतं. तरी कोण कधी गेलं, कोण आलं, ते तो रोज टिपायचा. प्रत्येक माणसाची एक खूण, आणि खुणेशेजारी एक बाण. टोक वर असलं तर माणूस पलीकडे गेला, खाली असलं तर अलीकडे आला.

फारियासने कपाट पाहिलं. काच फुटली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं. किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती, आणि ती तिथे असते हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बाकीच्या वह्यांना कोणी हात लावला नव्हता. उलट फट दिसू नये म्हणून त्या नीट सरकवून ठेवल्या होत्या. वह्यांसमोर एक पिवळा पडलेला पुठ्ठा होता. त्यावर डावीकडे सेवेरोच्या दहाबारा खुणा होत्या, मासा, छत्री, शिडी, आणि उजवीकडे प्रत्येक खुणेसमोर पेन्सिलीने ठिपके आणि रेघा काढल्या होत्या.

हे काय, असं त्याने विचारलं. वह्यांमध्येच सापडला, नक्षी असेल, मिर्ताबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"शुक्रवारी राजधानीहून वकीलबाई येणार आहेत," त्या म्हणाल्या. "बेपत्ता माणसांची यादी करताहेत. त्यांना हीच एक वही बघायची होती. मीच पत्र लिहिलं होतं. आता दोन्या आमाबिलियाला काय तोंड दाखवू?"

ते नाव ऐकून फारियासने काचेवरचा हात काढून घेतला.

२

आमाबिलियाला गाव मानाने दोन्या म्हणायचं, आणि ती ऐंशी उलटलेली होती. पाववाल्या नवऱ्याची भट्टी कधीच विझली होती. त्या भट्टीच्या खोलीत ती राहायची, कारण भिंती जाड होत्या. डोळ्यांना आता फक्त उजेड कळायचा. तिचा एकुलता मुलगा एल्बिओ गावच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. लष्कराच्या राजवटीत, शहात्तरच्या हिवाळ्यात, छापखान्यावर धाड पडली तेव्हा तो सेवेरोच्या नावेने पलीकडे निसटला. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यानंतर त्याचं पत्र नाही, निरोप नाही. त्याने तिकडे नाव बदललं असेल, लग्न केलं असेल, असं लोक म्हणत. एकवीस वर्षं म्हणत होते.

फारियासला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक होती. शहात्तरच्या सप्टेंबरात ही बाई ठाण्याच्या खिडकीशी आली होती. मुलाचा ठावठिकाणा नाही, तक्रार लिहून घे, म्हणाली होती. खिडकीच्या आत चौतीस वर्षांचा फारियास होता. त्याने तक्रारींची वही उघडली नव्हती. उघडायची हिंमत झाली नव्हती.

तिने त्याला पावलांवरून ओळखलं. बस म्हणाली, आणि वही गेल्याचं त्याने सांगितलं. चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटत आलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. त्यानेच उठून ते उतरवलं.

"तूच सांगितलं होतंस मला," ती शेवटी म्हणाली. "पलीकडेच असेल, दोन्या, पत्र येईल. आठवतं?"

"आठवतं."

"मी तेच धरून बसले रे पोरा. तुला दोष देत नाही. काहीतरी धरायला लागतंच."

वही कोण नेईल याबद्दल तिला काही सांगता येईना. रविवारी ती संग्रहालयात गेली होती, तारमास्तर आनिबालबरोबर. नेहमी तोच न्यायचा. तोच रोज संध्याकाळी येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, पुलाचा पत्ता नव्हता तेव्हापासून. रविवारी मिर्ताबाईंनी तिला शेगडीच्या खोलीत बसवून गरम दूध दिलं. आनिबाल बाहेर वह्या बघत राहिला. बाकी काही नाही.

फारियास उठताना तिने टेबलावर चाचपडून एक पत्र्याचा चौकोनी डबा त्याच्याकडे सरकवला. पेरूची वडी होती, पलीकडच्या बाजूची. झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

"ही घेऊन जा. मला साखर चालत नाही, आणि आनिबालला ते माहीत आहे. तरी काल आणली. टेबलावर ठेवली आणि रडायला लागला. काय झालं विचारलं तर म्हणे, सर्दी."

फारियासने डबा घेतला नाही.

३

गावाने चोर केव्हाच ठरवला होता. दुपारपर्यंत खाटकापासून पाद्र्यापर्यंत तिघांनी फारियासला रस्त्यात गाठून तेच नाव कानात सांगितलं. वॉशिंग्टन पीरिस, निवृत्त जकात शिपाई. शहात्तर साली धक्क्यावर त्याचीच ड्यूटी असायची, आणि बराकीतले लष्करी लोक त्याला नावाने हाक मारायचे. रविवारी तोही संग्रहालयात येऊन गेला होता.

पीरिस अंगणात संत्र्याच्या झाडाखाली ब्लँकेट पांघरून बसला होता. त्याने फारियासला खुर्ची दिली नाही.

"या, साहेब. उशीर केलात. सकाळपासून वाट बघतोय. बायको म्हणाली, दाढी कर, तुला न्यायला येतील."

संग्रहालयात कशाला गेला होता, असं फारियासने विचारलं. तिथल्या एका फोटोत तो गणवेशात उभा आहे, पीरिस म्हणाला, कमरेला पट्टा, डोक्यावर केस. माणसाने अधूनमधून आपले केस बघायला जावं. वहीची भीती त्याला कशाला वाटेल? बराकीतल्या माणसांनी ती त्याच्यासमोर नावेतून उचलून नेली होती. दोन दिवस उलटीसुलटी पाहिली आणि कोंबडीचे पाय म्हणून सेवेरोच्या अंगावर परत फेकली. सेवेरो वारल्यापासून ती कोणाला वाचता येते? त्याच्या मुलीला येत असेल. पीरिसला स्वतःची खूण कुठली तेही ठाऊक नव्हतं.

ते खरं वाटत होतं. फारियास निघाला. फाटकापाशी पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"सप्टेंबरात एकदा मला सांगितलं, जेवायला जा," पीरिस म्हणाला. तो झाडाकडे बघत होता. "सकाळी अकरा वाजता. अकराला कोण जेवतं? पण मी गेलो. परत आलो तेव्हा धक्क्यावर कोणी नव्हतं. सेवेरो नाव धूत होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता."

"कोणत्या तारखेला?"

"मी जेवायला गेलो होतो, साहेब. तेवढंच मला माहीत आहे."



४

बुधवारी रिमझिम पाऊस होता. फारियास पुलावरून चालत पलीकडे गेला. पुलाच्या मध्यावर देश बदलतो, पण पाऊस तोच, चिखल तोच, आणि टपरीवर बसलेल्यांची अर्धी स्पॅनिश अर्धी पोर्तुगीज बोलीही तीच. बारांको गावात सेवेरोची मुलगी जुरेमा किराणा दुकान चालवायची. ते पूर्वी तिच्या आईचं होतं. पन्नाशीची, धिप्पाड बाई. पावसाचा दिवस म्हणून ती गोड तळलेल्या पोळ्या करत होती. फारियासपुढे तिने दोन ठेवल्या आणि तो खाईपर्यंत काही बोलू दिलं नाही.

वह्या संग्रहालयाला तिनेच दिल्या होत्या. फारियासने विचारलं, शहात्तरच्या वहीत असं काय होतं, की ती कोणी न्यावी?

जुरेमाने कढईखालची आच मंद केली.

"दोन्या आमाबिलियाचा मुलगा," ती म्हणाली. "पाव, आणि पावाला चष्मा. बाबांनी त्याची खूण तशी काढली होती. जुलैमध्ये बाण वर आहे. सगळ्यांना तेवढंच ठाऊक आहे."

"आणि?"

"सप्टेंबरच्या नऊ तारखेला बाण खाली आहे."

फारियासने ताटली बाजूला सारली.

जुरेमाने मग सगळं सांगितलं. तेव्हा ती तिशीची होती, याच दुकानात उभी असायची. एल्बिओ सकाळी आला, बसच्या प्रवासाने चुरगळलेला. आईला बरं नाही म्हणाला. पेरूच्या वडीचा एक डबा मागितला, तिला आवडते म्हणून. जुरेमाच्या आईने तो कागदात बांधून दिला. नावेत बसताना तो काखेत धरला होता. बाबांनी त्या दिवशी त्याच्या खुणेशेजारी एक छोटा चौकोन काढला. डब्याचा. पासो सेइबोच्या धक्क्यावर तीन माणसं उभी होती. त्यांनी त्याला मोटारीत घातलं. बाबा हे पाहून घरी आले ते जेवले नाहीत. बायकोला आणि मुलीला शपथ घातली, की हे तोंडातून बाहेर काढायचं नाही.

"राजवट गेली," जुरेमा म्हणाली, "बाबा गेले. मी दोनदा पूल ओलांडून तिच्या दारापर्यंत गेले, साहेब. ती म्हणायची, माझा एल्बिओ तुझ्याच देशात आहे ना ग, कधी दिसला तर सांग. काय सांगणार होते मी? म्हणून वह्या दिल्या. वाटलं, मला जमत नाही ते वही सांगेल."

ही बाई चोर नव्हती. लपवायचं असतं तर बारा वह्यांऐवजी अकराच दिल्या असत्या.

"तुमच्याखेरीज या खुणा कोणाला वाचता येतात?"

कोणालाच नाही, जुरेमा म्हणाली. बाबा कोणाला दाखवायचे नाहीत. मग तिने खांदे उडवले. पासो सेइबोच्या काठावर, पावसात नाव बंद असली की, ते कोणाबरोबर बसायचे ते देव जाणे. एकदा घरी येऊन जेवताना ताटावर बोटाने ठकठक करत बसले होते. आई म्हणाली, ताट फोडाल. तर हसून म्हणाले, मी माझं नाव लिहितोय.

फारियास परत निघाला तेव्हा पाऊस वाढला होता. पुलाच्या मध्यावर तो थांबला. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने त्याला शिवी दिली तरी तो हलला नाही. बोटाने ठकठक करून लिहिलेलं नाव. पुठ्ठ्यावरचे ठिपके आणि रेघा. आणि आमाबिलियाच्या टेबलावरचा न उघडलेला डबा. त्याला काही नवीन शोधायचं उरलं नव्हतं. ते कोणाच्या तरी तोंडावर बोलायचं तेवढं उरलं होतं, आणि त्याला वाटलं, सिलिंडर पकडत बसलो होतो तेच बरं होतं.

५

तारमास्तर आनिबाल रेचे स्टेशनामागच्या गल्लीत राहायचा. बायको नव्हती, मूल नव्हतं. तारखातं बंद झालं तेव्हा त्याने आपलं जुनं यंत्र मागून घेतलं होतं. ते खिडकीत जरबेराच्या कुंडीशेजारी ठेवलेलं असायचं. फारियास दुपारी गेला तेव्हा चुलीत कागद आणि काटक्या रचलेल्या होत्या, पण पेटवलेल्या नव्हत्या.

फारियासने रेनकोटच्या आतून मिर्ताबाईंकडून आणलेला तो पिवळा पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"मास्तर, मिर्ताबाई म्हणतात ही नक्षी आहे. बघा जरा. मला माशासमोरचं तेवढं वाचून दाखवा."

आनिबालने चष्मा लावला आणि सवयीने वाचलं. "इझिद्रो कोळी." मग चष्मा काढला. 

फारियासने आवाज न चढवता सगळं मांडलं. भ्यालेला माणूस अख्खं कपाट जाळतो. इथे एकच वही गेली, म्हणजे नेणाऱ्याला तीत काय आहे ते माहीत होतं. त्यासाठी खुणा वाचता यायला हव्यात. पीरिसला येत नाहीत. जुरेमाला येतात, पण तिनेच वही दिली. उरला तो माणूस, ज्याने सेवेरोला तारेची ठिपक्या-रेघांची लिपी शिकवली आणि बदल्यात त्याच्या खुणा शिकून घेतल्या. रविवारी तो कपाटापाशी एकटा होता. अंगावर पोंचोची सैल घोंगडी होती, तीत वही सहज लपते. आणि सोमवारी तो साखर न चालणाऱ्या बाईसाठी पेरूच्या वडीचा डबा घेऊन गेला. एल्बिओने तो आणला होता हे जुरेमाखेरीज फक्त वहीला ठाऊक होतं.

"त्याच्या वतीने पोचवायला गेलात," फारियास म्हणाला.

आनिबालने मान हलवली. वाळलेला माणूस होता, सत्तरीचा. त्याचे हात टेबलाच्या कडेवर पडले होते आणि एक बोट आपोआप हलत होतं.

"तुला अर्धंच कळलंय," तो म्हणाला.

एल्बिओला परत बोलावणारी तार आमाबिलियाने स्वतः केली होती. सप्टेंबरच्या सहा तारखेला ती तारेच्या खिडकीशी आली. एल्बिओने गुपचूप कोणाहाती पाठवलेला पत्ता एका चिठ्ठीवर होता, ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराचा. मजकूर चार शब्दांचा. आई आजारी. लगेच ये. ती काही आजारी नव्हती, आपल्या पायांनी चालत आली होती, गालावर पावडर होती. आनिबालने मजकूर घेतला आणि यंत्रावर बसला.

"बाहेरदेशी जाणाऱ्या प्रत्येक तारेची नक्कल बराकीत पाठवायची, असा हुकूम होता," तो म्हणाला. "माझ्या हाताखालच्या पोराने कधीमधी एखादी गाळली असती. मी कधीच गाळली नाही. मी नेमका माणूस होतो, एउलालिओ. माझ्या नेमकेपणाचं सगळे कौतुक करायचे. नक्कल काढली, पाकिटात घातली, पाठवली. संध्याकाळी हात धुताना माझ्या लक्षात आलं, मी काय पाठवलं."

"मग?"

"मग काही नाही. तो आला नाही असं मी धरून चाललो. तारच पोचली नसेल. पोचली तरी तो हुशार होता, आला नसेल. एकवीस वर्षं धरून चाललो. रविवारी कपाट उघडलं ते त्यासाठीच, तो आला नव्हता हे एकदा डोळ्यांनी बघायला. चष्मा लावला, पान उलटलं."

वही गादीखाली होती. सोमवारपासून तीनदा चूल रचली होती, तो म्हणाला, पण काडी ओढवली नाही. त्या पानावर पोरगा अजून नावेतच होता.

आनिबालने वही दोन्ही हातांनी फारियासला दिली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"मला तुरुंगात टाक, हवं तर. पण तिला कळू देऊ नको. तिच्याच तारेने तो आला हे कळलं तर ती उद्याचा दिवस बघणार नाही."

फारियासला ते पटलं होतं. वही कोटाच्या आत घालून तो दारापर्यंत गेलासुद्धा. चोराचा पत्ता लागत नाही, असं शुक्रवारी वकीलबाईंना सांगायचं, पाच महिन्यांनी घरी बसायचं. एकदा त्याने हेच केलं होतं, खिडकीच्या आत बसून. ते किती सोपं गेलं होतं हे त्याला चांगलं आठवत होतं.

तो वळला.

"पोंचो घाला, मास्तर," तो म्हणाला. "तिला तुम्हीच वाचून दाखवायचं."

६

भट्टीच्या खोलीत दिवस असूनही अंधारून आलं होतं. आमाबिलियाने दोघांची पावलं ओळखली. आनिबाल या वेळी कसा, असं विचारलं नाही. वही सापडली, फारियास म्हणाला, आणि आनिबाल वाचेल. तिने मांडीवर हात एकमेकांत गुंफले.

आनिबालने वर्तमानपत्र वाचायच्या आवाजात सुरुवात केली. गुरुवार, नऊ सप्टेंबर. सकाळची फेरी, बारांकोहून अलीकडे. छत्री, म्हणजे पाद्री. शिडी, म्हणजे रंगारी. दोन घागरे, म्हणजे अंगाला चोरटं कापड गुंडाळून आणणाऱ्या त्या बहिणी. मासा. एक कोंबड्यांची टोपली. मग त्याचा आवाज थांबला.

"वाच," ती म्हणाली.

"पाव. पावाला चष्मा. बाण खाली. शेजारी एक चौकोन."

"चौकोन म्हणजे?"

"पेरूच्या वडीचा डबा," फारियास म्हणाला. "तुमच्यासाठी घेतला होता. जुरेमाच्या दुकानातून."

ती ओरडली नाही. फारियासला वाटलं होतं ती कोसळेल, म्हणून तो खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला होता. तिने हात उचलून हवेत चाचपडलं. वही तिच्या मांडीवर ठेवल्यावर ती पानावरून बोटं फिरवत राहिली. सेवेरो पेन्सिल दाबून लिहायचा. बाणाचा खळगा तिच्या बोटाला लागला असावा, कारण बोट तिथेच राहिलं.

"तार मी केली होती," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना ते ठाऊक असेल आता. आजारी नव्हते मी. साठ वर्षांची होणार होते त्या गुरुवारी, आणि घरात कोणी नव्हतं. एवढंच कारण. एकदा येऊन जेवून गेला असता."

"दोन्या," फारियास म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो जिवंत नाही हे माझ्या जिवाला कधीच कळलंय रे. आईला ते सांगावं लागत नाही. मी लोकांना म्हणायचे, तिकडे आहे, बायको केली असेल, मला विसरला असेल. विसरला असता तर चाललं असतं. मला वहीकडून दुसरं काही नको होतं. फक्त तो त्या तारेवरून आलेला नसावा, एवढंच."

आनिबाल उभा राहिला. त्याने नकलेचं सांगितलं, चार वाक्यांत, एकही शब्द न वगळता. तसा तो नेमका माणूसच होता.



"हुकूम होता?" तिने विचारलं.

"होता."

"मग तेव्हाच येऊन का नाही सांगितलंस? सहा तारखेला संध्याकाळी सांगितलं असतंस, तर मी दुसरी तार केली असती. येऊ नको म्हणून. नऊ तारखेला अजून तीन दिवस होते, आनिबाल. आणि नंतर एकवीस वर्षं माझ्या टेबलावर बसून मला हवामान वाचून दाखवलंस."

तो रडत होता, पण आवाज न करता. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा आता. पेपर घेऊन येऊ नको पुन्हा." तो दारात पोचला तेव्हा ती म्हणाली, "शुक्रवारी दहा वाजता ये. मला स्टेशनात कोणीतरी न्यायला हवं, आणि तू जे आत्ता बोललास ते तुला तिथे बोलायचंय."

७

शुक्रवारी ऊन पडलं होतं. राजधानीहून आलेल्या वकीलबाई, ग्रासिएला ओदोने, वयाने अपेक्षेपेक्षा लहान निघाल्या. जुन्या तिकीटखिडकीशी टेबल टाकून त्यांनी कागद मांडले. जुरेमा पूल ओलांडून आली होती. बापाने धक्क्यावर पाहिलेलं तिने एका दमात सांगितलं आणि मग बाकावर बसून ढसाढसा रडली. आनिबालने नकलेबद्दल सांगून खाली सही केली. मिर्ताबाई शेगडीला लाकडं घालत राहिल्या, गरज नव्हती तरी. वॉशिंग्टन पीरिसला फारियासने निरोप पाठवला होता. दुपारपर्यंत वाट पाहिली, तो आला नाही.

शेवटी आमाबिलियाची पाळी आली. वकीलबाईंनी हळू आवाजात विचारलं, तुमचा मुलगा सुरक्षित ठिकाणी होता, तो परत कशासाठी आला? खोलीतल्या सगळ्यांनी खाली पाहिलं. आठवत नाही, असं ती म्हणू शकली असती. कोणी तिला खोटं पाडलं नसतं.

"मी बोलावलं म्हणून," ती म्हणाली. "लिहा तसंच."

त्यांनी लिहिलं. मग एक अडचण निघाली. एल्बिओचं नाव आजवर पलीकडे हरवलेल्यांत धरलं जायचं. कारण अलीकडे, त्याच्या स्वतःच्या गावात, तो नाहीसा झाल्याची साधी तक्रारही कधी नोंदली गेलेली नव्हती. ती नसेल तर इथे कोणाला जाब विचारणार, वकीलबाई म्हणाल्या, माणसं पुरल्याचं बोललं जातं ती बराकीमागची जमीन कोणाच्या नावाने उकरणार?

फारियास बाहेर पडला. ठाण्यातून तो तक्रारींची वही घेऊन आला, आणि आमाबिलियासमोर स्टूल ओढून बसला. पेन झटकलं. कोरं पान उघडलं. 

"बेपत्ता माणसाचं नाव?"

तिने पूर्ण नाव सांगितलं, बापाचं आणि स्वतःचं आडनाव जोडून.

"वय?"

फारियासच्या डोक्यात चव्वेचाळीस आलं होतं.

"तेवीस," ती म्हणाली.

"शेवटचं कुठे दिसला?"

"याच गावात. धक्क्यावर. घरी येत होता."

त्याने लिहिलं. उंची विचारली, केस विचारले, अंगावरचे कपडे जुरेमाने सांगितले. वकीलबाई आपले कागद आवरू लागल्या. फारियासने तारीख घातली आणि सहीसाठी तिचा अंगठा शाईवर टेकवला. पण तिने तो कागदावर उमटवला नाही, तसाच वर धरून ठेवला.

"थांब, एक राहिलं," ती म्हणाली. "सात वर्षांचा असताना भट्टीचं लोखंडी दार त्याच्या डाव्या हातावर पडलं होतं. मनगटाच्या वरचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. वरून कोणाला कळायचं नाही. तेही लिही, पोरा. ओळखायला लागेल."